रिंगा बसेपर्यंत

बाईंचा माझ्याबद्दल पहिल्याच दिवशी एक गैरसमज झाला, आणि तो करून देणारा मीच. बऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यात त्यांच्या घराची वरची खोली भाड्याने द्यायची आहे असं कळलं, म्हणून मी गेलो होतो. अंगणात पत्र्याखाली एक जुनी पांढरी मोटार उभी होती. बाईंनी माझं गाव विचारलं, नोकरी विचारली, जेवणात लसूण चालतो का विचारलं, आणि मग मोटारीकडे मान करून, चालवता येते का, असं विचारलं. मला खोली हवी होती. मी म्हणालो, "येते ना. इंजिनातलंही थोडंफार कळतं."

"थोडं की फार?"

मी हसलो. बाई हसल्या नाहीत. त्या उत्तराची वाट पाहत होत्या.

"फार," मी म्हणालो. खोली मिळाली.

खरी गोष्ट अशी, की माझ्याकडे लायसन्स होतं आणि मोटार मी चालवली होती ती फक्त कागद कारखान्याच्या कॉलनीत. वडील महाराष्ट्रातून त्या कारखान्यात नोकरीला आले आणि आम्ही भावंडं तिथल्या क्वार्टरमध्येच वाढलो. कॉलनीतले रस्ते रुंद, रिकामे. दुपारी त्यांवर फक्त गाई बसलेल्या असत. गाईंना चुकवण्यात मी तरबेज होतो. इंजिनाबद्दल म्हणाल, तर ते पुढच्या बाजूला असतं एवढं मला नक्की ठाऊक होतं. पुढे खकनारच्या एका कचेरीत बाबू म्हणून लागलो. खकनारात राहायचं मनात नव्हतं, बसने जा-ये करता येत होती, म्हणून बऱ्हाणपुरात खोली शोधायला निघालो आणि बाईंच्या हाती सापडलो.

बाई मुलींच्या शाळेत फिजिक्स शिकवून निवृत्त झालेल्या. शाळा हिंदी माध्यमाची, त्यामुळे शाळेत त्या बहनजी, गल्लीत मॅडम, आणि माझ्यापुरत्या बाई. मूलबाळ नव्हतं. यजमान तीन वर्षांपूर्वी वारले होते. त्यांचं मोठं घड्याळ त्या मनगटाच्या आतल्या बाजूला बांधत. मी "पाचेक मिनिटांत येतो" म्हणून बाहेर पडलो आणि परत आलो की त्या मनगट वळवून बघत आणि "अकरा" एवढंच म्हणत. रागावत नसत. नुसता आकडा सांगत. काही दिवसांनी मी "येतो" एवढंच म्हणायला शिकलो.

बाजारात जाताना त्यांच्या पिशवीत एक पितळी वजन असे. शाळेतून निघताना प्रयोगशाळेच्या शिपायाने आठवण म्हणून दिलेलं. भाजी घेण्याआधी त्या ते वजन भाजीवाल्याच्या काट्यावर ठेवून बघत. काटा खोटा निघाला तरी भांडण नाही. "तुमचा काटा वीस ग्रॅम पुढे आहे," असं सांगून शेजारच्या हातगाडीकडे वळत. भांडणाऱ्या बायकांना भाजीवाले सरावलेले होते. या शांतपणाला नव्हते. बाई येताना दिसल्या की दोन-तीन जण चहा प्यायला निघून जात.

मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं ठरलं, तेव्हा डोळ्यात बसवायच्या भिंगाचं नाभीय अंतर किती, हे कळेपर्यंत त्या टेबलावर आडव्या झाल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, मॅडम, तुम्हाला छान दिसेल. बाई म्हणाल्या, छान हे एकक नाही.

मोटार त्यांच्या यजमानांची. ते असेपर्यंत बाईंनी तिच्या स्टिअरिंगला हात लावला नव्हता. ते गेल्यावर, एकसष्टाव्या वर्षी, त्या शिकल्या. वळायच्या आधी खिडकीतून हात पुरता सरळ बाहेर काढून इशारा देत, लायसन्सच्या पुस्तकातल्या चित्रात असतो तसा. बुधवाऱ्यातल्या निम्म्या लोकांना वाटे, मॅडम आपल्यालाच हात करतायत. तेही हात करत. त्यामुळे बाई गल्लीतून निघाल्या की कुणी पुढारी निघाल्यासारखं दिसे.

मी राहायला गेल्याच्या वर्षी पावसाळा संपता संपता मोटारीतून निळा धूर यायला लागला. लालबाग रस्त्यावर एका उस्तादांचं गॅरेज होतं. त्यांनी इंजिन उघडलं, सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून कोरून, आणले, नवे पिस्टन आणि त्यांच्यावरच्या नव्या रिंगा घातल्या आणि सगळं परत बांधलं. गाडी घ्यायला बाईंबरोबर मीही गेलो होतो, जाणकार म्हणून. उस्ताद बारीक अंगाचे, कमी बोलणारे, हात पुसायचं फडकं कायम खांद्यावर. ते म्हणाले की हजार किलोमीटर होईपर्यंत चाळीसच्या वर न्यायची नाही. "नई बहू है, मैडम. धीरे-धीरे घुलेगी."

"सुनेचं मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "रिंगांचं बोलू."

मग बाईंनी उस्तादांना, गॅरेजमध्ये उभं राहून, धडा शिकवल्यासारखं सगळं सांगितलं. मला तेव्हा त्यातलं काही समजलं नाही, मी फक्त मान हलवत होतो. पण पुढे तो धडा मी इतक्यांदा ऐकला की आता झोपेतही म्हणेन. नवी रिंग सिलिंडरच्या भिंतीवर घासून घासून स्वतःची जागा करते. तिला भिंतीवर दाबून धरतो तो आतल्या जळत्या वायूचा दाब. गाडी नुसती रेंगाळत नेली तर दाब पडत नाही; दाब नाही तर घासणं नाही; भिंत नुसती तुळतुळीत होते आणि गाडी जन्मभर तेल पीत राहते. उलट पहिल्यापासून बेफाम पळवली, तर पिस्टन तापून फुगतो आणि भिंत ओरबाडतो. म्हणून तिसऱ्या गिअरमध्ये तीसवरून पन्नासपर्यंत दाबून न्यायची, पाय सोडून परत तीसवर येऊ द्यायची. पुन्हा दाबायची, पुन्हा सोडायची. चढ मिळाला तर उत्तम. उस्ताद म्हणत होते, रिंग बसू द्या. बाई म्हणत होत्या, बसू द्यायची नसते, बसवायची असते.

उस्तादांनी फडकं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर टाकलं. "गाडी आपकी, किताब आपकी," ते म्हणाले.

त्यानंतर आठवडाभरात बाईंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, महिन्याने दुसऱ्याचं ठरलं, आणि डॉक्टरांनी तोवर गाडीला हात लावायची मनाई केली. बांधलेलं इंजिन तसंच उभं ठेवायला बाई तयार नव्हत्या. आणि ज्याला इंजिनातलं फार कळतं असा एक माणूस वरच्याच खोलीत राहत होता.

या कामासाठी बाईंनी एक वही घातली. शाळेतल्या मुली प्रॅक्टिकलची कॉपी ठेवतात तशीच, हिंदीत. पहिल्या पानावर मथळे: उद्देश्य, उपकरण, सिद्धांत, विधि, प्रेक्षण, सावधानियाँ. उपकरणांच्या यादीत मोटार, घड्याळ, तेलाची पट्टी आणि शेवटी लिहिलं होतं: चालक, एक. सावधानियाँ या सदरात पहिलीच सूचना होती: चालक पर ध्यान रखें. मोटारीत तापमानाचा काटा होता, पण त्याला आकडे नव्हते, नुसता एका टोकाला निळा ठिपका आणि दुसऱ्या टोकाला लाल. बाईंच्या मते ती शोभेची वस्तू होती. त्यांनी काट्याच्या बाजूने कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर दहा रेघा आखल्या. दर दहा मिनिटांनी काटा कितव्या रेघेवर आहे ते वहीत नोंदवायचं. दर पानाखाली त्या लाल शाईने सही करत.

उद्देश्य या शब्दापुढे एकच शब्द होता: परतवाडा.

मला वाटलं, तिथवर जाऊन येण्याइतके किलोमीटर करायचे असतील. ते काय आहे हे बाईंनी मला एकदा खकनारच्या वाटेवर सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. परतवाड्याला त्यांची थोरली बहीण राहते. यजमानांच्या तेराव्याला ती आली होती. जेवणं उरकल्यावर सगळ्यांदेखत म्हणाली की आता ती मोटार काढून टाक, तुझ्याच्याने काय होणार आहे. बाईंनी उत्तर दिलं नाही. त्या दिवसापासून दोघी बोलल्या नव्हत्या. बाईंनी ठरवलं होतं, बहिणीच्या दारात जायचं ते याच मोटारीने, धारणीच्या पुढचा घाट स्वतः चालवून. हे सगळं त्यांनी असं सांगितलं, की जणू दुसऱ्या कुणाच्या घरची गोष्ट असावी, आणि शेवटी म्हणाल्या, "दहा मिनिटं झाली. काटा बघा."

तर दर रविवारी आणि कचेरीच्या सुट्ट्यांना आम्ही निघायचो. बाई शेजारी, डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा काळा चष्मा, मांडीवर वही. मी दाबायचो, सोडायचो, दाबायचो, सोडायचो. बाहेरून बघणाऱ्याला गाडीला उचकी लागलीय असं वाटत असणार. आमच्या मागे आलेला प्रत्येक माणूस आधी गोंधळायचा, मग चिडायचा, मग आमच्याकडे निरखून बघत पुढे निघून जायचा. केळी भरलेले ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकत. एकदा खकनारच्या अलीकडे लग्नाच्या ट्रॉलीतल्या बायकांनी आमच्यासाठी गाणं म्हणायचं थांबवलं, आणि आम्ही मागे पडल्यावर पुन्हा सुरू केलं.

पण खरा घाव घालत ते आमच्या कचेरीतले बडे बाबू. त्यांची सासुरवाडी देडतलाईची. जुन्या स्कूटरवर मागे बायको, पायाशी पिशव्या, अशा थाटात ते दर दुसऱ्या रविवारी त्या रस्त्याला असत, आणि दर वेळी मला ओलांडून जात. सोमवारी सगळ्या कचेरीसमोर विचारत, "क्यों भाऊ, गाडी में अंडे भरे थे क्या?" मी सिद्धांत सांगू लागे. रिंग, भिंत, वायूचा दाब. माझं अर्धं सांगून होईपर्यंत लोक फायलींत तोंड घालत.

बाईंचं दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं त्या आठवड्यात त्यांनी मला पहिल्यांदाच एकट्याला पाठवलं. देडतलाईपर्यंत जायचं, यायचं. आता साठपर्यंत परवानगी होती. नोंदी मीच करायच्या. निघताना त्या दारात उभ्या होत्या, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. दुसऱ्या डोळ्याने माझ्याकडे बघत त्यांनी मला वही दिली.

खकनार सोडलं आणि आरशात स्कूटर दिसली. बडे बाबू, बायको, पिशव्या. मी नेमका पाय सोडून तीसकडे येत होतो. ते शेजारून गेले. आज त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. पुढे गेल्यावर, मागे न वळता, डावा हात नुसता वर केला. रस्त्यातल्या गाईला आपण असू दे, बस, म्हणतो तसा.

तो हात मला लागला. आता सांगताना हसू येतं, पण तेव्हा डोळ्यांपुढे दुसरं काही नव्हतं. मी पाय दाबला आणि सोडला नाही. स्कूटर मागे गेली. साठ झाले, सत्तर झाले. आयुष्यात पहिल्यांदा एखादं यंत्र माझं ऐकत होतं. वेगाचा काटा नव्वदला टेकला तेव्हा मी शीळ वाजवत होतो असं मला आठवतं. वही शेजारच्या सीटवर उघडी फडफडत होती.

मग कुणीतरी मागून गाडी धरून ठेवल्यासारखं झालं. पाय दाबत होतो तरी वेग उतरत होता. तापलेल्या लोखंडाचा आणि तेलाचा वास आला. मी कसाबसा क्लच दाबला, गाडी कडेला घेतली आणि ती बंद पडली. पुन्हा चावी फिरवली तर इंजिन हललंदेखील नाही. तेव्हा कुठे मी त्या कागदाच्या पट्टीकडे पाहिलं. काटा दहाव्या रेघेच्या पलीकडे, जिथे बाईंनी रेघ आखायची गरज पाहिली नव्हती, तिथे पडलेला होता.

थोड्या वेळाने बडे बाबू आले. त्याच वेगाने, ज्या वेगाने ते आयुष्यभर आले होते. स्कूटर उभी केली, बॉनेटकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "अंडे फूट गए?" त्यांनी विचारलं, पण या वेळी हळू आवाजात. त्यांच्या बायकोने मला पाण्याची बाटली आणि एक पेरू दिला. दोघंही इंजिन निवेपर्यंत माझ्याबरोबर थांबले. तासाभराने इंजिन सुरू झालं. आवाज पहिल्यासारखा नव्हता, आत कुणीतरी टिचक्या मारत होतं, पण गाडी चालली.

देडतलाईच्या चहाच्या टपरीवर बसून मी नोंदी भरल्या. चौथी रेघ. साडेचार. पाच. पाच. पाच. मधे एक साडेपाच टाकला, खरं वाटावं म्हणून.

संध्याकाळी बाईंनी वही डोळ्यांजवळ नेऊन बघितली. बराच वेळ बघितली. "या नोंदींत एकही चूक नाही," त्या म्हणाल्या. मला वाटलं, कौतुक केलं. मी आभार मानले. वर गेल्यावर वही उघडून पाहिली तर त्या पानाखाली सही नव्हती.

पुढच्याच रविवारी धूर परत आला. उस्तादांनी इंजिन उघडलं आणि एक पिस्टन बाहेर काढून उजेडात धरला. त्याच्या अंगावर उभे काळे ओरखडे होते. मांजराने दार ओरबाडावं तसे. उस्ताद म्हणाले, गरम होऊन भिंतीला पकडलं आहे. मग त्यांनी विचारलं, किसने भगाई?

समोरच्या भिंतीवर एका तेल कंपनीचं कॅलेंडर होतं. मी त्यातल्या सगळ्या सुट्ट्या वाचून काढल्या. बाई माझ्याकडे बघत होत्या, हे मला न बघता कळत होतं. त्यांनी वाट पाहिली. घड्याळात बघितलं असतं तर आकडाही सांगता आला असता, पण त्यांनी बघितलं नाही. मग म्हणाल्या, "गाडी माझी, वही माझी. पुन्हा बोअर करा."

उस्तादांना जे ऐकायचं होतं ते त्यांनी ऐकलं. मी सांगितलं होतं हळू चालवा, मॅडम पुस्तक चालवत राहिल्या, असं ते त्या दिवशी आम्हाला म्हणाले आणि पुढे येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणत राहिले. गोष्ट लालबागहून बुधवाऱ्यात यायला दोन दिवस लागले. बाई बाजारात गेल्या, पितळी वजन काट्यावर ठेवलं, तर भाजीवाला म्हणाला, "मैडम, काटा तो ठीक है. इंजन कैसा है?"

आजूबाजूचे हसले. मी पिशवी धरून मागे उभा होतो.

"बिघडलं," बाई म्हणाल्या, आणि अर्धा किलो वांगी घेतली.

गाडी दुसऱ्यांदा बांधून आली तोवर बाईंचे दोन्ही डोळे बरे झाले होते. आता त्या चालवत, मी शेजारी वही घेऊन बसे. माझ्याकडून खोली काढून घेतली नाही, वहीही काढून घेतली नाही. त्या रविवारबद्दल एक शब्द नाही. मी रोज बोलणी खायची तयारी करून बसत होतो आणि रोज उपाशी उठत होतो.

आणि बाई गाडी चाळीसने चालवत होत्या. सरळ चाळीस. दाबणं नाही, सोडणं नाही, चढावरही पाय हलका. मला आधी वाटलं, डोळे नवे आहेत म्हणून. चार फेऱ्या मी तशाच जाऊ दिल्या. पाचव्या फेरीला, खकनारच्या अलीकडच्या चढावर, विचारलंच, की बाई, दाबत का नाही.

त्यांनी रस्त्यावरून नजर काढली नाही. त्या म्हणाल्या, "एकदा माझ्या रीतीने केलं, इंजिन गेलं. माझ्याकडे जी नोंद आहे ती माझ्या विरुद्ध आहे. नोंद विरुद्ध गेली की मत सोडायचं असतं. मुलींना तीस वर्षं हेच सांगितलं."

त्या जे चुकीचं आहे असं मनापासून मानत होत्या, तेच त्या इमानदारीने करत होत्या, आणि ते माझ्या पाच, पाच, साडेपाचच्या जोरावर. या वेळीही रिंगा बसल्या नसत्या. परतवाड्याचा घाट राहिला असता.  चढ संपला, उतार लागला, केळीच्या बागा सुरू झाल्या, आणि माझ्या तोंडून, मी ठरवलेलं वाक्य सोडून भलतंच, एवढंच बाहेर पडलं: "बाई, त्या रविवारी मी नव्वदला नेली होती."

गाडी तशीच चालत राहिली. मग त्यांचा हात खिडकीतून बाहेर गेला, पुरता सरळ, आणि वेग कमी करण्याच्या खुणेसारखा वर-खाली झाला. त्यांनी गाडी डावीकडे घेतली आणि उभी केली.

"किती वेळ?"

"दहा मिनिटं असतील." त्या बघत राहिल्या. मी म्हणालो, "घड्याळ पाहिलं नव्हतं."

"काटा कितव्या रेघेवर होता?"

"पळवताना पाहिला नाही. बंद पडल्यावर पाहिला. दहाच्या पलीकडे."

त्यांनी माझ्या मांडीवरची वही घेतली, ते बिनसहीचं पान काढलं आणि पेनासकट माझ्या पुढ्यात धरलं. "मग तसं लिही," त्या म्हणाल्या. इतक्या महिन्यांत त्या मला पहिल्यांदा तू म्हणाल्या.

मी सगळे आकडे खोडले. सबंध वही हिंदीत होती म्हणून हिंदीतच लिहिलं: देखा नहीं. त्याखाली: देखा नहीं. त्याखाली: देखा नहीं. शेवटी: गाड़ी बंद, दस के पार. बाईंनी वाचलं, पर्समधून लाल पेन काढलं आणि सही केली. मग गाडी वळवली आणि सरळ लालबाग रस्त्याला आणली.

उस्तादांच्या गॅरेजमध्ये तेव्हा दोन गिऱ्हाइकं बसलेली होती. बाई गाडीतून उतरल्याच नाहीत. मी एकटा आत गेलो आणि सांगितलं. माझं हिंदी एरवी बरं आहे. त्या दिवशी क्रियापदं सापडेनात. उस्तादांनी हात पुसले. मला वाटलं, हसतील. ते हसले नाहीत.

"बाबूजी," ते म्हणाले, "मैंने मैडम को पूरे बाज़ार में झूठा कर दिया. अब सच्चा कौन करेगा?"

त्यांच्या वाटणीचं त्यांनी केलं. बाहेर गाडीजवळ जाऊन, वाकून, काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, पण शेवटी म्हणाले, "चढाई पे दबाओ, मैडम. हम भी देखते हैं." माझ्या वाटणीचं मी दुसऱ्या दिवशी केलं. भाजीबाजारात एकेका हातगाडीपुढे उभा राहून सांगत गेलो, की मॅडमची रीत बरोबर होती, गाडी मी नव्वदने पळवली. लोकांना यात फारसा रस नव्हता. एकाने विचारलं, कोथिंबीर देऊ का? चौघांकडून मी कोथिंबीर घेतली.

हजार किलोमीटर झाले तेव्हा उस्तादांनी स्वतः तेलाची पट्टी काढून पाहिली. पुसून परत घातली, परत पाहिली. तेल सुरुवातीला होतं त्याच रेघेवर होतं. पट्टी जागेवर ठेवली आणि फडकं खांद्यावर टाकलं. हल्ली कुणाचं इंजिन बांधून दिलं की सांगतात, थोडं दाबून चालवा म्हणून, आणि हे आपण पहिल्यापासून सांगत आलो आहोत असं सांगतात.

परतवाड्याला आम्ही हिवाळ्यातल्या एका सकाळी निघालो. धारणीच्या पुढे घाट लागला. बाईंनी तो सबंध घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, एकदाही न अडखळता चढवला आणि उतरवला. मी नोंदी करत होतो. माझे आकडे वेडेवाकडे येत होते, चार, सहा, साडेतीन, पाच, आणि मी ते तसेच लिहीत होतो.

बहिणीचं घर एका शांत गल्लीत होतं. समोर लोखंडी फाटक, आत छोटंसं अंगण, जांभळाचं झाड. बाईंनी फाटकासमोर गाडी उभी केली, इंजिन बंद केलं आणि बसून राहिल्या. मला वाटलं, केस सारखे करतील, पदर नीट करतील. त्यांनी काहीच केलं नाही. दोन्ही हात अजून स्टिअरिंगवरच होते. भाजीबाजारात न घाबरलेली, डॉक्टरांना न घाबरलेली ही बाई घाबरली आहे, हे समजायला मला वेळ लागला. मनगटावरच्या घड्याळाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

मग मी उतरलो आणि फाटकाची कडी वाजवली. त्या सबंध प्रकरणात मी केलेलं ते एकमेव उपयोगी काम असावं.

एक उंच, पांढऱ्या केसांची बाई हात पुसत बाहेर आली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग मोटारीकडे, मग मोटारीतल्या बाईंकडे.  मग ती फाटकाशी आली आणि तिने दोन्ही दारं पूर्ण उघडली.

"आत घे," ती म्हणाली. "बाहेर शाळेची पोट्टी रेघोट्या मारतात."

फाटक अरुंद होतं. बाईंनी इंजिन सुरू केलं. बहीण अंगणात उलट्या पावलांनी मागे मागे जात हाताने खुणा करत होती, इकडे घे, आता थोडी तिकडे, ये, ये, ये, आणि बाई एका इंचाने, दोन इंचांनी, तिच्या हाताकडे बघत गाडी आत घेत होत्या. जांभळाखाली गाडी थांबली तेव्हा बहिणीने बॉनेटवर तळवा ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

मी रस्त्यावर, बहिणीसाठी आणलेला केळ्यांचा घड घेऊन उभा होतो. आत या असं कुणीतरी म्हणेल म्हणून बराच वेळ थांबलो. मग स्वतःच आत गेलो, आणि फाटक लावून घेतलं.